वर्गात आमदार येणार आहेत, खरे प्रश्न विचारायचे तर कसे विचारायचे?

तिसरा_बाक

नमस्कार मंडळी. मी टीवायबीएला आहे, राज्यशास्त्र स्पेशल, तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज, नाव सांगत नाही. २०२४ च्या विधानसभेचं वारं चालूच आहे, तर आमच्या विभागाने पुढच्या आठवड्यात एका उमेदवाराला वर्गात बोलावलंय, 'विद्यार्थ्यांशी संवाद' म्हणून. सभा वगैरे नाही, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राची मिळून साठसत्तर पोरं असतील. ते सध्याचे आमदार आहेत आणि परत उभे आहेत.

मला खरंच प्रश्न विचारायचेत. मागे एक नेते आले होते तेव्हा काय झालं ते डोक्यातून जात नाही. शाल श्रीफळ झालं, परिचय झाला, मग पाऊण तास भाषण, त्यात अर्धा वेळ वडिलांनी किती हाल काढले ते, आणि शेवटी सूत्रसंचालक म्हणाला कुणाला काही विचारायचंय का, तर एक पोरगा उठून म्हणाला 'साहेब तुमच्या यशाचं रहस्य काय'. टाळ्या, आभार, चहा. आणि नंतर टपरीवर बसून तीच सगळी पोरं रस्ते नाहीत पाणी नाही म्हणून शिव्या देत होती. ह्या वेळी तसं व्हायला नको असं मनापासून वाटतंय.

विषय आहेत माझ्याकडे. आमच्या पूर्वेकडच्या गावांना जाणारी शेवटची एसटी पावणेपाचला सुटते आणि शेवटचं लेक्चर पाचला संपतं, त्या भागातल्या पोरी साडेचारलाच उठून जातात, म्हणजे वर्षभर त्यांचं ते लेक्चर अर्धंच होतं. दुसरं म्हणजे भूगोलाला कायम प्राध्यापक नाही, तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाच्या पैशावरचे सर येतात, शिकवायला लागतात, वर्ष संपलं की दुसरे येतात. तिसरं भरतीची फी, २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या वर्गाला १००० रुपये आणि राखीवला ९०० होते, जागा ४६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर, माझ्या भावाने त्या वर्षी जेवढे फॉर्म भरले तेवढ्यात घरी एक शेळी आली असती. आणि चौथं, ह्या आमदारांच्या उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात काही केसेस लिहिलेल्या आहेत, त्याबद्दल विचारायचं का नाही ह्यावर आमच्यात वाद चालू आहे.

अडचण अशी की संस्थेचे एक संचालक ह्यांच्याच जवळचे आहेत. विभागप्रमुख मॅडम चांगल्या आहेत पण त्यांनी सांगितलंय प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून द्या. मित्र म्हणतात इंटर्नलचे मार्क जातील. आई म्हणते वाकड्यात शिरू नकोस, उद्या कसल्या तरी सहीसाठी त्यांच्याच दारात उभं राहायचंय. ज्यांनी असं केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा, कसं विचारावं म्हणजे उत्तर तरी मिळेल.

खडूफळा

मी राज्यशास्त्रच शिकवतो, दुसऱ्या जिल्ह्यात, त्यामुळे तुझी पोस्ट वाचून बरं वाटलं. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मॅडमना अंधारात ठेवू नका. आत्ता आचारसंहिता आहे, आणि एकाच उमेदवाराला वर्गात बोलावलं तर उद्या बोट त्यांच्याकडे दाखवलं जाईल. त्यांना म्हणा की बाकीच्या उमेदवारांनाही हेच निमंत्रण लेखी पाठवू, आले तर आले. आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसला, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रांत ऑफिसला, कळवून परवानगीचा कागद फाईलला लावून ठेवा. शेवटच्या ४८ तासांत तर प्रचार बंदच असतो त्यामुळे तारीख बघून घ्या. हे तुमच्या सोयीचं आहे, कारण परवानगीचा कागद असला की संचालकांनाही फार बोलता येत नाही.

आता प्रश्न. 'आमच्या भागाचा विकास का झाला नाही' असं विचारलंस तर तो प्रश्न नाही, ती त्यांना भाषणाची दिलेली संधी आहे. किती कोटींचा निधी आणला, कुठे कुठे नारळ फोडले, सगळं परत ऐकावं लागेल. प्रश्न इतका बारीक हवा की उत्तरात एक तारीख, एक आकडा किंवा हो-नाही यावंच लागेल.

आणि विचारायच्या आधी हे बघ की ते काम कुणाचं आहे. गावातली गटार आणि कचरा नगरपरिषदेचा, एसटीचं वेळापत्रक आगाराचं आणि वर विभाग नियंत्रकाचं, प्राध्यापकांची पदं आणि भरतीची फी हा राज्य शासनाचा विषय. ते म्हणणार 'हे माझ्या हातात नाही, शासनस्तरावरचा विषय आहे'. बरोबरच आहे ते. पण आमदार शासनाला जाब विचारायलाच निवडून जातो. म्हणून पुढचा प्रश्न तयार ठेव, की साहेब, मग गेल्या पाच वर्षांत सभागृहात तुम्ही हा विषय कधी मांडला, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो), लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याचं निवेदन मागतात ती), अर्थसंकल्पावरची चर्चा, कशातही? वर्षाला तीन अधिवेशनं असतात. विधिमंडळाच्या वेबसाइटवर प्रश्नांच्या याद्या आणि कामकाज असतं, दोघातिघांनी बसून चाळून काढा, कंटाळवाणं काम आहे पण तिथेच सगळं आहे.

आमदार निधीचंही तसंच. स्थानिक विकासासाठी आमदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, २०२२ च्या बजेटला चारचे पाच केले. त्यातून काय काय कामं झाली त्याची यादी जिल्हा नियोजनच्या ऑफिसला मिळते. माहिती अधिकाराला १० रुपये लागतात आणि ३० दिवस लागतात, तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, पण जाऊन साधा अर्ज देऊन बघा, कधी कधी देतात. ह्या यादीत विद्यार्थ्यांच्या उपयोगाचं काय आहे, अभ्यासिका, ग्रंथालय, काही, एवढंच विचारायचं.

चिठ्ठीचं म्हणशील तर द्या की चिठ्ठी. चिठ्ठीवर विषय लिहा, 'एसटीच्या वेळा', 'भरतीची फी'. उपप्रश्न हातात ठेवा. सभागृहातही मूळ प्रश्न छापील असतो, मंत्र्याची खरी पंचाईत उपप्रश्नाला होते.

अजून एक मनातलं. आपल्याकडे कॉलेजातल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परत आणायची तरतूद झाली तरी कॉलेजात काही त्या दिसल्या नाहीत. म्हणजे तुमच्या पिढीने समोर उभ्या राहिलेल्या उमेदवाराला कधी प्रश्नच विचारलेला नाही, वर्गप्रतिनिधीला पण नाही. त्यामुळे पाय लटपटले तरी विचार.

बातमीवाला

तालुक्याची बातमीदारी करतो, केसेसच्या मुद्द्यावर बोलतो कारण तिथेच पोरं फसतात.

विचारायचंच. तो माणूस स्वतः शपथेवर लिहून देतो ती माहिती आहे, नमुना २६ म्हणतात त्याला. सुप्रीम कोर्टाने २००२ आणि २००३ मध्ये निकाल दिले म्हणून हे आलं, मतदाराला उमेदवाराची माहिती मिळायचा हक्क आहे असं त्यात आहे. २०१३ मध्ये अजून एक निकाल आला की रकाने कोरे सोडता येणार नाहीत. निवडणूक आयोगाच्या साइटवर प्रत मिळते, प्रिंट काढा, फोनवर दाखवत बसू नका, वर्गात कागद हातात असला की त्याचं वजन वेगळं पडतं.

पण आधी नीट वाचा. गुन्हा दाखल आहे, आरोप निश्चित झालेत आणि शिक्षा झाली ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फॉर्ममध्ये वेगळ्या रकान्यात आहेत. आणि कलम बघा. १४३, १८८, ३४१ असली जुनी भादंवि (भारतीय दंड संहिता) कलमं असली तर बहुतेक रास्ता रोको, मोर्चा, जमावबंदी मोडली असलं काहीतरी असतं, दुधाचं आंदोलन, उसाचं आंदोलन, आपल्याकडच्या अर्ध्या पुढाऱ्यांवर असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, काही जणांना तर ते अभिमानाने सांगावंसं वाटतं. ४२० (फसवणूक) असेल, ४०६ (विश्वासघात) असेल, ३०७ (खुनाचा प्रयत्न) असेल तर गोष्ट वेगळी. दोन्ही एकाच पिशवीत टाकून 'तुमच्यावर एवढ्या केसेस आहेत' म्हणालास की त्यांना तुलाच खोटं पाडायला सोपं जाईल, आणि ते न्याय्यही नाही.

वाक्य कसं असावं तर, 'साहेब, तुमच्या प्रतिज्ञापत्रात अमुक पानावर अमुक कलमाखालचा गुन्हा लिहिलाय आणि आरोप निश्चित झालेत असं आहे, ती केस कशाची आहे आणि आता कुठवर आली'. बास. तू काही आरोप करत नाहीस, त्यांनीच लिहिलेलं वाचतोयस. ज्यांच्यावर केसेस आहेत त्यांना प्रचाराच्या काळात तीनदा पेपरात आणि टीव्हीवर तशी जाहिरात द्यावी लागते, ती बारीक टायपात आतल्या पानावर येते, जुने अंक चाळ, सापडेल, कात्रण लाव.

अजून एक, ते आधीही निवडून आलेत ना, म्हणजे २०१९ चं प्रतिज्ञापत्र पण साइटवर आहे. दोन्ही शेजारी ठेव. गेल्या पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न, जमीन, कर्ज, सरकारी देणी, सगळं आहे त्यात. संपत्ती वाढली म्हणजे चोरी केली असं नाही, बागायत जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेलेत. पण उत्पन्न एवढं आणि वाढ एवढी हे जुळत नसेल तर कसं ते विचारायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

माजी_बूथवाला

मी दुसऱ्या बाजूने सांगतो. बरीच वर्षं एका उमेदवाराबरोबर फिरलोय, आता सोडलं सगळं. कॉलेजचा कार्यक्रम म्हटला की आम्ही काय करायचो ते सांगतो म्हणजे तुम्हाला तयारीत राहता येईल.

आदल्या दिवशी पीएचा फोन जातो प्रश्न काय येणारेत विचारायला. मागच्या दोन बाकांवर आमची पोरं बसायची, कॉलेजचीच असायची, ती पहिला प्रश्न पटकन विचारायची, 'साहेब तरुणांसाठी तुमचं व्हिजन काय', आणि त्यावर पंधरा मिनिटं जायची. भाषण मुद्दाम लांबवायचं. मध्येच फोन यायचा, 'मुंबईवरून आहे, घ्यावा लागेल'. आणि कुणी अडचणीचं विचारलंच तर साहेब हसून म्हणायचे, 'बाळा गाव कोणतं तुझं? कुणाचा तू?' पोराने गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, की 'अरे तुझे चुलते तर आपलेच, त्यांना विचार मी काय काम केलंय'. वर्ग हसायचा, पोरगा खाली बसायचा, प्रश्न तिथेच मेला. प्रेमाने विचारल्यासारखं वाटतं पण त्या पोराला कळतं की आता चुलत्यापर्यंत बातमी जाणार.

ह्यावर उपाय एकच. गाव सांगायचं, नमस्कार सांगतो म्हणायचं, आणि उभं राहूनच तोच प्रश्न त्याच शब्दात परत विचारायचा. बसायचं नाही. आणि एका विषयावर एकट्याने किल्ला लढवू नका, तिघं तिघं वाटून घ्या. पहिला विचारेल, उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी उठून म्हणेल की साहेब माझ्या मैत्रिणीने तारीख विचारली होती ती राहिली. मग एक कुणी डोळ्यावर येत नाही, अख्खा वर्ग विचारतोय असं होतं.

वेळ आधी ठरवून घ्या, मॅडमकडून पत्रिकेतच लिहून घ्या, वीस मिनिटं मनोगत आणि चाळीस मिनिटं प्रश्नोत्तरं. आणि कृपा करून रील काढू नका. तुकडा कापून टाकला की ते तुमचं ऐकणार नाहीत, दुसऱ्या पार्टीने पाठवलेली पोरं म्हणून मोकळे होतील. रेकॉर्डिंग करायचं तर कॉलेजतर्फे, सांगून, पूर्ण.

आणि हेही सांगतो, ते बंद वर्गात सभेपेक्षा खरं बोलतात. माईक नाही, शिट्ट्या नाहीत, समोर वीस वर्षांची पोरं कागद घेऊन बसलेली असली की माणूस जरा सावरून उत्तर देतो. मी पाहिलंय, गाडीत बसल्यावर 'त्या पोरीने विचारलं ते बघा रे जरा' असं पण म्हणायचे. तुम्ही सगळे पहिल्या दुसऱ्या वेळचे मतदार आहात, ते तुमच्या दारात आलेत, त्यांना तुमची गरज आहे.

खिडकीजवळची

एसटीच्या मुद्द्यावर माझं ऐक, कारण मी त्याच गाडीने जायचे (म्हणजे आमच्या तालुक्यातल्या तसल्याच).

'गाड्या वाढवा' असं म्हणू नकोस. यादी कर. कुठल्या गावच्या किती पोरी, लेक्चर किती वाजता सुटतं, गाडी किती वाजता, पुढची गाडी आहे का, नसेल तर कशा जातात, वडापने (शेअर जीपने) जातात तर किती पैसे. आम्ही एका कागदावर आडवे उभे रकाने आखून प्रत्येकीकडून भरून घेतलं होतं, सही पण घेतली. तो कागद टेबलावर ठेवला तेव्हा उमेदवार खरंच गप्प झाले, कारण त्यात त्यांच्या स्वतःच्या गावच्या पोरी होत्या. पासचं पण लक्षात ठेव, अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना पास फुकट आहे, आपण सिनिअरला आलो की सवलतीचा पास पण पैसे भरून. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं. हा प्रश्न पोरीनेच विचारावा, तू विचारू नकोस. तुला तळमळ आहे ते दिसतंय पण ते लेक्चर आमचं बुडतं.

अजून एक. महिला उमेदवार आली तर तिला 'घर आणि राजकारण कसं सांभाळता' विचारू नका प्लीज. आमच्याकडे एक ताई आल्या होत्या, पहिले तिन्ही प्रश्न तेच. त्यांना पण निधी विचारा, केसेस विचारा, सभागृहातले प्रश्न विचारा, सगळं जसंच्या तसं. सोपं विचारून आपण त्यांचा मान ठेवत नाही.

मार्कांचं म्हणशील तर माझे काही गेले नाहीत. घरी मात्र फोन आला होता, 'पोरगी हुशार आहे तुमची' एवढंच. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत, मग तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, काय म्हणाले गं मग ते गाडीचं.

दोन_मुलांचा_बाप

सगळे पोराला चढवताय म्हणून लिहितो. माझा मुलगा पण कॉलेजात आहे. पाहुणा बोलावला आहे, त्याला घेरायला बोलावलेलं नाही. आणि कुणाचं काही जाणार नाही म्हणताय, पण जे सर तासिका तत्त्वावर आहेत त्यांचं जाऊ शकतं. भूगोलाच्या पदाचा विषय निघाला की संस्थेला वाटणार सरांनीच पोरांना शिकवून पाठवलं, पुढच्या वर्षी त्यांना कुणी बोलावणार नाही, त्यांना घर आहे, दोन लेकरं आहेत. पोरं पास होऊन निघून जातील. प्रश्न विचारू नका असं मी म्हणत नाही, पण कुणाच्या पोटावर पाय येणार नाही एवढं बघा. मतपेटी आहे ना उत्तर द्यायला.

खडूफळा

तुमचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांचे हाल मी रोज स्टाफरूममध्ये बघतो, नेट सेट पीएचडी होऊन तासाच्या पैशावर दोन दोन कॉलेजं करतात आणि ते पैसेसुद्धा वेळेवर येत नाहीत. म्हणूनच तर तो प्रश्न विचारला पाहिजे. फक्त कॉलेजचं नाव आणि सरांचं नाव त्यात येऊ देऊ नका. 'राज्यात अनुदानित कॉलेजांतली पदं रिकामी आहेत, ती भरायला तुम्ही काय केलंत' असा राज्याचा प्रश्न करा, आणि अर्थशास्त्राच्या पोराने विचारा, भूगोलाच्या नको. आधी त्या सरांना एकट्याला गाठून विचारा की हा विषय काढू का, ते नको म्हणाले तर नाही काढायचा. फीचा आहे, एसटीचा आहे, तेवढे पुरेत.

मतपेटीचं मात्र पटत नाही. मत पाच वर्षांनी एकदा, आणि ते द्यायचं कशावरून तर असं काहीतरी विचारून घेतलेलं असेल त्यावरूनच ना. आणि घेरणं वेगळं. साहेब म्हणा, उभं राहून बोला, उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये तोंड घालू नका. प्रश्न अवघड असू दे, बोलणं साधं असू दे.

नेकारकाठ

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, मूळचा साताऱ्याकडचा. इथलं थोडं सांगतो कारण जवळच बॉयटल्सबाख म्हणून गाव आहे आणि तिथे १९७६ साली नेमक्या ह्याच विषयावर शिक्षकमंडळी बसली होती, शाळेत राजकारण शिकवायचं कसं. तीन गोष्टी ठरल्या आणि आजही इथले शिक्षक त्या धरून चालतात. शिक्षकाने स्वतःचं मत मुलांच्या गळी उतरवायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे त्यावर वर्गातही दोन्ही बाजू दिसल्याच पाहिजेत. आणि मुलाला त्यात आपलं स्वतःचं हित कुठे आहे ते ओळखता आलं पाहिजे.

२०२४ च्या जूनमध्ये युरोपियन संसदेची निवडणूक झाली, जर्मनीत त्यात पहिल्यांदाच १६ वर्षांच्या मुलांना मत होतं. मुलीच्या शाळेत वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच स्टेजवर बोलावले होते, सूत्रसंचालन अकरावीच्या दोन मुलींकडे, शिक्षक मागे उभे. प्रत्येकाला एका प्रश्नाला दोन मिनिटं, वेळ संपली की लाल कार्ड वर. एक जण कार्ड बघूनही बोलत राहिला तर त्या मुलीने शांतपणे माईक दुसऱ्याला दिला. मला बघून फार बरं वाटलं, आणि आपल्या गावच्या कॉलेजात हे का होऊ नये असंही वाटलं, त्याला काही खर्च नाही लागत. लाल पुठ्ठा आणि घड्याळ.

तिसरा_बाक

सगळ्यांचे खूप आभार. झाला कार्यक्रम, म्हणून लिहितोय.

मॅडमना सगळं सांगितलं, त्या आधी घाबरल्या, मग स्वतःच प्रांत ऑफिसला जाऊन आल्या आणि बाकीच्या उमेदवारांना पण पत्रं गेली. भूगोलाच्या सरांना विचारलं, ते म्हणाले नको रे, तर तो विषय सोडला. वर्गात पुढच्या भिंतीला घड्याळ लावलं आणि लाल पुठ्ठा पण केला, पण तो वर करायची हिंमत शेवटपर्यंत नाही झाली कुणाची, भाषण चांगलं पस्तीस मिनिटं चाललं. पीए दारात उभा होता.

एसटीचा प्रश्न पूर्वेकडच्या एका मुलीने विचारला, रकान्यांचा कागद टेबलावर ठेवून. साहेबांनी कागद वाचला, मग फोन काढला आणि तिथेच आगारप्रमुखांना स्पीकरवर लावलं, 'पोरी इथे बसल्यात, पाचनंतरची गाडी सोडा'. ते हो साहेब म्हणाले, वर्गात टाळ्या. आम्हाला वाटलं संपलं. पण दुसरी मुलगी उठली आणि म्हणाली साहेब धन्यवाद, पण गाडी आचारसंहितेत सुरू होईल का नंतर, आणि निवडणुकीनंतर पण चालू राहील का, लेखी मिळेल का. टाळ्या थांबल्या. साहेब म्हणाले आत्ता लेखी देता येणार नाही, निकालानंतर ह्याच वर्गात येऊन सांगतो. ते आम्ही फळ्यावर लिहून ठेवलं, त्यांच्यासमोरच.

फीवर म्हणाले तो धोरणात्मक निर्णय आहे. मी उभा राहिलो, आवाज कापत होता, विचारलं की सभागृहात आपण हा विषय मांडला होता का, आम्ही याद्या बघितल्या, आम्हाला आपल्या नावावर सापडला नाही. त्यांनी विचारलंच, गाव कोणतं. सांगितलं. वडिलांना नमस्कार सांग म्हणाले. सांगतो म्हणालो, आणि परत तोच प्रश्न विचारला. मग जरा थांबून म्हणाले, 'नाही मांडला. दुसऱ्या विषयांत राहून गेला'. खरं सांगतो, त्या उत्तराने माझा त्यांच्याबद्दल आदर वाढला, पण मत देणार का ते अजून ठरलं नाही.

केसेसवर त्यांनी दोन दुधाच्या आंदोलनातल्या आहेत म्हणून शांतपणे सांगितलं, तारखा पण सांगितल्या. तिसरी पतसंस्थेच्या व्यवहारातली आहे, त्यावर 'न्यायप्रविष्ट आहे' एवढंच. आमच्यातला एक म्हणाला की साहेब निकाल काय लागेल ते विचारत नाही, ठेवीदारांचे पैसे परत मिळाले का ते सांगा. त्याला उत्तर नाही आलं. वेळ झाली म्हणून उठले. संचालकांचा चेहरा उतरला होता. मॅडमना अजून तरी कुणी काही बोललेलं नाही.

बातमीवाला

शाब्बास रे पोरांनो. ठेवीदारांचा प्रश्न एक नंबर होता, तो मी पण विचारणार आहे.

आता बाकीचे आले की त्यांना हेच प्रश्न विचारा, शब्दसुद्धा बदलू नका. जे आमदार नव्हते त्यांना 'सभागृहात मांडला का' विचारता येणार नाही, त्यांना विचारा की निवडून आलात तर पहिल्या अधिवेशनात कुठला विषय कुठल्या मार्गाने मांडणार. उत्तरं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि नोटीस बोर्डाला लावायच्या आधी मॅडमची सही घ्या. एसटीचा तो सह्यांचा कागद आहे ना, त्याची झेरॉक्स विभाग नियंत्रकांना आजच स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. आमदार कुणीही झाला तरी तो अर्ज तुमच्या नावावर राहील.

तिसरा_बाक

पाठवतो उद्याच. एका अपक्षांचा फोन आला होता, शनिवारी येतो म्हणालेत, दुसऱ्या पक्षाचे अजून बघू करू म्हणतायत. पतसंस्थेच्या त्या केसमधले काही ठेवीदार आमच्याच गावचे निघाले, त्यांच्याकडे पावत्या आहेत का बघायला रविवारी जाणार आहे.